कॉलेजचा घरजावई

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला तेव्हा मी आमच्या पाड्यावर, साखरशेतात, खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेला होतो. भाताच्या आवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधला होता, तो थरथरला. बांधावर येऊन मी हात धुतले आणि बोट लावलं, तर फोन उघडेना. सकाळपासून पाण्यात राहून बोटं इतकी सुरकुतली होती की माझाच फोन मला ओळख देत नव्हता. शेवटी आकडे दाबून उघडला. नाशिककडच्या एका कॉलेजात, पहिल्याच फेरीत, मला हवी होती तीच जागा मिळाली होती.

मी ओरडलो नाही. आवणीत कुणी ओरडलं की साप निघाला असं समजून बाया रोपं टाकून पळतात, आणि मग त्या तुडवलेल्या रोपांवरून वर्षभर ऐकावं लागतं. मी आईजवळ जाऊन हळूच सांगितलं. आई वाकल्या वाकल्याच म्हणाली, "बेस झाला. आथा एवढा खाचर पुरा कर." मी पुरं केलं. पण मला राग आला. चार पिढ्यांत पहिला इंजिनिअर व्हायला निघालो होतो, निदान एखादं माणूस तरी कमरेतून सरळ व्हायला हवं होतं.

तसा आमच्या घरात राग फक्त मलाच येतो. बाकीचे एकतर हसतात, नाहीतर गप्प बसतात. हसणाऱ्यांत आई, मामा आणि आजा. गप्प बसणारा एकटा माझा बा.

आमचं घर म्हणजे खरं तर आजाचं घर, आणि आजा म्हणजे आईचा बाप. आम्ही त्याच्याकडे का राहतो हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. बा मोखाड्याकडचा. त्यांच्या घरी जमीन नव्हती, आणि लग्नात मुलीच्या बापाला देज द्यावं लागतं, तेही नव्हतं. अशा मुलाला आमच्याकडे एक वाट असते. त्यानं मुलीच्या घरी येऊन राहायचं, त्यांचं खायचं, ठरलेली वर्षं त्यांच्या शेतात राबायचं, आणि वर्षं भरली की मुलगी त्याची. याला घरजावई म्हणतात. बा तसा आला. पाच वर्षं ठरली होती, सहा झाली, कारण शेवटच्या वर्षी बानं चरायला नेलेला आजाचा बैल कड्यावरून पडला, आणि आजानं पंच बसवून एक वर्ष वाढवून घेतलं.

ही गोष्ट आमच्याकडे गंमत म्हणून सांगतात. आजा स्वतःच सांगतो, बैल कसा पडला त्याची नक्कलही करून दाखवतो. पुढे लग्न झालं, आजानं बाला जमिनीचा तुकडा दिला आणि बा इथेच राहिला. पण साखरशेतात त्याला अजूनही कुणी नावानं हाक मारत नाही. जावई म्हणतात. शाळेत गुरुजींनी माझ्या वडिलांचं नाव विचारलं, तर माझ्या आधी शेजारचा पोरगा उठून सांगायचा, "गुरुजी, जावई."

तर त्या संध्याकाळी आजानं ओट्यावर बसून मला विचारलं, "नंबर लागला म्हंजी काय झाला?"

आता सॉफ्टवेअर म्हणजे काय हे मलाही तेव्हा धड माहीत नव्हतं. शिवाय कंबर मोडून गेली होती. मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. म्हणालो, "चार वर्षं तिकडे राहायचं. राहायची जागा त्यांची, जेवण त्यांचं."

"आनि काम?"

"ते सांगतील ते."

"चार वर्षं भरली का मग?"

"मग नोकरी."

आजानं विडी विझवली आणि मामाकडे बघून म्हणाला, "मग हा घरजावईच झाला."

मी हसलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की हसणारा मी एकटाच आहे.

मामा म्हणजे आईचा भाऊ. तो भिवंडीच्या गोदामात बरीच वर्षं हमाली करून आला होता, त्यामुळे जगाची सगळी माहिती आमच्या घरात त्याच्याकडून यायची. त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि आपल्याकडची भर घातली. म्हणाला, मोठ्या कंपनीतही असंच असतं, आधी राबवून घेतात आणि मग कायम करतात, कधीकधी करतही नाहीत. आजाचा चेहराच उतरला. "म्हंजी राबून नवरी नाय दिली तं?" त्यानं विचारलं. मी सांगायला लागलो की नवरीचा इथे काही संबंध नाही, पण तोवर बैठक माझ्या हातातून गेली होती.

घरजावई असा आपल्या पायानं जाऊन सासरच्या दारात उभा राहत नाही, हे मला दोघांनी समजावलं. आधी घरची मोठी माणसं जातात. घर बघतात, पाणी बघतात, ढोरं बघतात, वर्षं ठरवतात, शब्द घेतात. त्याला बोलणी म्हणतात. बोलणी झाल्याशिवाय पोरगा पाठवणारी माणसं म्हणजे एकतर भिकारी, नाहीतर येडी. मी म्हणालो, इथे बोलणी नसते, फोनवर एक बटण दाबलं की जागा पक्की होते.

"बटन कोन दाबतो?"

"मीच."

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," मामा म्हणाला, आणि आई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसली.

पाड्यावर बातमी पसरायला नेटवर्क लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी रोपांच्या मुठी वाहत होतो, तर बांधावरच्या बाया मला पाव्हणं म्हणायला लागल्या होत्या. आई जव्हारच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला गेली, तर मासळीवालीनं विचारलं, "पोशाची नवरी कठली?" पोसा म्हणजे पोरगा, म्हणजे मी. आईनं सांगितलं, नाशिककडची. "दिसाया कशी आहे?" आई म्हणाली, "चार मजली."

सगळे हसत होते आणि माझा जीव टांगणीला लागला होता. कारण प्रवेशाला मुदत होती. ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजात हजर व्हायचं, मूळ कागदपत्रं दाखवायची, वडिलांच्या सह्या द्यायच्या आणि जागा मान्य करायची. नाही केली तर पुढच्या फेरीत ती दुसऱ्या कुणाची. बटण मी कधीही दाबू शकलो असतो, फोन माझ्याच कमरेला होता. पण बाच्या सहीशिवाय ते बटण म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. आणि बा काही बोलत नव्हता. मी विचारलं, "बा, तू सही करशील ना?" तो नांगराची दोरी वळत होता. म्हणाला, "जाऊन बघू."

हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. रात्री मी आईला म्हणालो, हा आजाला भितो, आजा जे म्हणेल तेच हा करणार, आणि आजाला आवणीला माणूस हवा आहे. आई एवढंच म्हणाली, "तुझे बाला तू वळखत नाय." मला ते पटलं नाही. मी अठरा वर्षं त्याच्याबरोबर राहत होतो, अजून ओळखायचं काय उरलं होतं?

शेवटच्या दिवसापर्यंत आवणी काही संपली नाही, म्हणून शेवटच्याच दिवशी आम्ही चौघं निघालो. आजानं धुतलेलं धोतर नेसलं. मामानं भिवंडीच्या गोदामाचं जुनं ओळखपत्र गळ्यात अडकवलं. हापिसात जाताना गळ्यात काहीतरी लोंबायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. बाच्याकडे बरा शर्ट नव्हता, म्हणून त्यानं माझा शाळेचा पांढरा शर्ट घातला. खिशावर शाळेचा शिक्का होता, तो झाकायला तो सारखा छातीवर हात ठेवून उभा राहायचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, राष्ट्रगीत चाललंय.

जव्हारच्या डेपोतून नाशिकची गाडी मिळाली. आजा खिडकीशी बसला आणि दिसेल त्या खाचराला नावं ठेवत निघाला. यांची आवणी पातळ, त्यांचा बांध फुटका, या माणसानं नागली कशाला लावली, इथं उडीद बरा आला असता. मोखाडा आला तेव्हा गाडी थांबली. बा खिडकीतून आपल्या गावाच्या फाट्याकडे बघत राहिला. तिथे त्याचं आता कुणी नाही. गाडी सुटली, आणि तिथून पुढे तो आजाच्या बोलण्यालाही हूं म्हणेनासा झाला.

कॉलेजच्या फाटकावर वॉचमननं मामाच्या गळ्यातलं ओळखपत्र बघून त्याला सलाम ठोकला आणि गाड्यांतून आलेल्या लोकांना थांबवून आधी आम्हाला आत सोडलं. मामा पुढे दिवसभर मान बोटभर उंच ताणून चालला.

मला सरळ प्रवेशाच्या खोलीकडे जायचं होतं. आजाला घर बघायचं होतं. मी घड्याळ दाखवलं, त्यानं मला इमारत दाखवली. "एवढा मोठा घर न बघता शब्द देऊ?" मग आम्ही घर बघितलं. पाण्याच्या मशीनचा नळ सोडून आजानं ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला आणि टाकून दिलं. "गार आहे. बेस." वसतिगृहात त्यानं एक कॉट हलवून बघितली, ती कुरकुरली, त्यानं मामाकडे बघितलं, मामानं ध्यानात ठेवलं. स्वयंपाकघरात डोकावून भाताचं पातेलं केवढं आहे ते बघितलं आणि समाधानानं बाहेर आला. मग विचारलं, "आनि गोठा?" मी म्हणालो, इथे गोठा नसतो. तेवढ्यात मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडखाली ओळीनं लावलेल्या मोटारसायकली दिसल्या. आजा बराच वेळ त्या बघत उभा राहिला. "ढोरां चांगली आहेत," तो म्हणाला. घर पसंत पडलं होतं.

प्रवेशाच्या खोलीत गर्दी होती. आमच्या पुढच्या रांगेत चष्मे, सेंट, जाडजूड फायली. तिथले बापही टेबलामागच्या साहेबांना विचारत होते, "सर, प्लेसमेंटचं कसं आहे? चांगल्या कंपन्या येतात का? पॅकेज काय मिळतं?" मी आधी लाजत उभा होतो. मग कान देऊन ऐकलं, तेव्हा कळलं की नवरी सगळ्यांनाच हवी होती, फक्त आमच्या आजासारखं स्वच्छ कुणी विचारत नव्हतं.

आमची पाळी आली तेव्हा चार वाजून गेले होते. साहेब पन्नाशीचे, दमलेले, पण माणूस भला. एका विद्यार्थ्यामागे तीन माणसं बघून त्यांनी खुर्च्या मागवल्या, आणि चहाही सांगितला. चहा आला. आजानं तो हातानं दूर सरकवला. ते बघून मामानंही सरकवला. बानं तर बघितलंही नाही.

"घ्या ना, आजोबा."

"आधी बोलू," आजा म्हणाला.

आमच्या बोलणीत असतं ते असं. मोहाची बाटली मध्ये ठेवतात आणि शब्द पक्का झाला की दोन्हीकडची माणसं त्यातला घोट घेतात. त्याआधी तोंड लावलं तर अर्धा शब्द दिल्यासारखा होतो. आजानं सकाळी बाटली पिशवीत घातलीही होती, आईनं ती काढून घेतली. आता त्या बाटलीची जागा चहानं घेतली होती, एवढंच. साहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, आम्ही साखर घेत नाही. त्यांनी बिनसाखरेचा सांगितला. तोही येऊन पडला.

बोलणी सुरू झाली. मामा सुरुवातीला हिंदीत बोलला, कारण टेबल आणि पंखा दिसला की तो हिंदीतच बोलतो. "साब, लडका हमारा है, काम का पक्का है." साहेब मराठीत म्हणाले, "छान. गुणही चांगले आहेत." मामा आजाला म्हणाला, "गुन चांगले आहेत बोलतात." आजानं मान डोलावली. पोराचे गुण चांगले, हे सासरच्यांनी आधीच कबूल केलं, म्हणजे निम्मं काम झालं होतं.

"वर्षं किती?" आजानं विचारलं.

"चार."

"चार म्हंजी चारच?"

"सगळे विषय सुटले तर चार. नापास झाला तर वर्ष वाढतं."

आजा मामाकडे वळून डोळे मिचकावत हसला. ही युक्ती त्याच्याच घरची होती, कुणी त्याला शिकवायला नको होती. "बैल मेला का वर्षं वाढतात," तो साहेबांना समजुतीच्या सुरात म्हणाला. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

"काम काय करायचा?"

"प्रोग्राम लिहायचे. कॉम्प्युटरवर."

"उभ्यानं का बसून?"

"बसून."

"चार वर्षं बसून?" आजाला हे काही खरं वाटेना. पण त्यानं ते सोडून दिलं आणि मुद्द्यावर आला. "आवणीला सोडाल का?"

"हजेरी पंचाहत्तर टक्के लागते, आजोबा. तेवढी असली की झालं."

आजानं बोटांवर हिशोब मांडला. चारातला एक दिवस आपला. त्याचा चेहरा खुलला. त्याच्या दृष्टीनं साहेब अगदीच कच्चे सासरे निघाले होते. त्यानं स्वतः बाला कधी चारातला एक दिवस दिला नसता.

"आनि शेवटाला नोकरी देल?"

इथे साहेब अडखळले. त्यांनी दिवसभर हा प्रश्न ऐकला होता आणि दिवसभर उत्तर दिलं होतं. आता मात्र ते आजाच्या तोंडाकडे बघून जरा खरं बोलले. म्हणाले, "कंपन्या येतात. निवड करतात. बऱ्याच मुलांची होते. सगळ्यांची होतेच, असा शब्द मी नाही देऊ शकत."

मामा म्हणाला, "बघा, मी बोललेला." आजानं चहाचा कप आणखी दूर सरकवला. मागे रांगेतून कुणीतरी "पटपट आटपा" म्हणालं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाचाकडे चालला होता आणि माझं चार वर्षांचं आयुष्य एका न प्यायलेल्या चहापाशी अडलं होतं. मी आजाला म्हणालो, "आजा, असा शब्द कुणीच देत नाही. बाजारात भाताला तरी भावाचा शब्द कोण देतो?" हे त्याला थोडं पटलं. तो विचार करायला लागला. आजा विचार करायला लागला की त्याला घाई करायची नसते, पण मी केली. साहेबांना म्हणालो, "सर, कागद द्या ना सहीचे."

साहेबांनी कागद पुढे केले. "इथे पालकांची सही."

आजानं अंगठा पुढे केला.

"तुम्ही वडील?"

"घर माजा, पोरगी माजी, पोरीचा पोसा."

"वडील लागतील, आजोबा. वडील कोण?"

मामानं बाला खांद्याला धरून पुढे केलं आणि ओळख करून दिली, "ये है हमारा जावई."

बा टेबलापाशी आला. छातीवरचा हात काढल्याशिवाय पेन धरता येणार नव्हतं. त्यानं हात काढला, शाळेचा शिक्का दिसला. साहेबांनी एक कागद वर ठेवला. "हे रॅगिंगविरोधी हमीपत्र. तुमचा मुलगा इथे दुसऱ्या मुलांना त्रास देणार नाही, असं तुम्ही लिहून द्यायचं."

बानं माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "आनि याला कोनी तरास दिला तं?"

मोखाडा सोडल्यापासून त्याचं हे पहिलं बोलणं.

"तेही चालत नाही. कायदाच आहे तसा."

"तरास म्हंजी कसा कसा?"

साहेब हे रोज सांगत असणार, त्यामुळे एका दमात सांगत गेले. "मोठी मुलं नव्या मुलांना नावं पाडतात. आपली कामं करायला लावतात. खाली बसवतात. आपलं जेवण झाल्यावर उरलेलं खायला लावतात. कुठून आलास म्हणून हसतात. असले प्रकार."

बा खाली मान घालून ऐकत होता. एकेक गोष्ट तो हळूच परत म्हणत होता, पाठ करत असल्यासारखी. "नावं पाडतात. उरलेला खाया लावतात." मग म्हणाला, "असा झाला तं हा कोनाला सांगेल?"

"समिती आहे. तो बघा भिंतीवर नंबर लावलाय."

"नंबर नाय. मानूस दाखवा."

मागे कुणीतरी हसलं. पाचाला फार वेळ उरला नव्हता. माझा राग आता नाकाच्या शेंड्यावर आला होता. सगळ्या जगाच्या प्रश्नांची उत्तरं मिळाली होती, आजासुद्धा गप्प झाला होता, आणि जो माणूस कधी बोलत नाही त्याला नेमकं आत्ता बोलायचं होतं. मी म्हणालो, "बा, सही कर ना. जागा जाईल माझी. तू कशाला एवढा विचारतोस?"

बानं माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावरच्या कागदाकडे बघत म्हणाला, "माझे टायमाला कोनी आला नाय ईचाराया."

बा मोखाड्याहून साखरशेतात आला तेव्हा त्याच्याबरोबर कोण आलं होतं, त्याच्या बाजूनं कोण बोललं होतं, हे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. तो एकटाच आला होता. माझ्यापेक्षाही लहान असेल. आपण मघाशी याच्यावर चिडलो याची मला फार लाज वाटली.

साहेब उठले. टेबलाला वळसा घालून बाच्या जवळ आले आणि म्हणाले, "समितीवर मीच आहे. ही माझीच खोली. मुलाला काही झालं तर तो इथे येईल, आणि मी तुम्हाला फोन करीन."

बानं त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, बैल घेताना बघतो तसं, घाई न करता. मग वाकून सही केली. एकेक अक्षर सावकाश काढत, जिथे जिथे साहेबांनी बोट ठेवलं तिथे तिथे. साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मी बटण दाबलं. जागा माझी झाली, आणि मागच्या रांगेनं मोठा सुस्कारा सोडला.

राहिला चहा. शब्द पक्का झाल्यावर पहिला घोट सगळ्यांत मोठ्या माणसाचा, ही रीत. आजानं आपला कप ओढून घेतला, उचलला, आणि मग थांबला. तो बाच्या पुढ्यात ठेवला. स्वतः मामाच्या पुढचा घेतला.

"आधी तू पी," तो म्हणाला. "पोसा तुझा आहे."

बा अवघडून उभा राहिला. मग खुर्चीच्या कडेवर बसला. चहा कधीच गार झाला होता, वर साय धरली होती. त्यानं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तोवर आजा दुसरा कप हातात धरून थांबला होता, आणि बानं आपला खाली ठेवल्यावरच त्यानं तो तोंडाला लावला.